नववीतल्या मुलीला सकाळी जाग का येत नाही?

पत्र

माझी मुलगी नववीत आहे, चौदा वर्षांची. सहावीपर्यंत एका हाकेत उठायची. गेल्या दीड-दोन वर्षांत काय झालंय तेच कळत नाही. शाळा ७.१० ची, बस साडेसहाला, म्हणून ५.४० ला उठवते. आधी हाका, मग पांघरूण ओढणं, मग भांडण. ब्रश तोंडात धरून बेसिनपाशी उभ्या उभ्या पेंगते. दुपारी दीडला घरी येते, जेवून मोबाइल घेऊन लोळते आणि चारला झोपते ती थेट साडेपाचला उठते. मग चहा देऊन क्लासला पाठवते, साडेसहा ते साडेआठ. जेवण होतं, गृहपाठ सुरू होतो आणि साडेनऊला बाईसाहेब एकदम तरतरीत! मैत्रिणींशी गप्पा, आरशासमोर नाच. झोपायला बारा. रविवारी अकराशिवाय डोळा उघडत नाही. सासरे तिला ‘सूर्यवंशी’ म्हणतात, ते स्वतः साडेचारला उठतात. धाकटा चौथीत आहे. त्याची शाळा नऊची, तरी तो सहाला टुणकन उठून बसतो. ही मात्र सारखी ‘दमले’ म्हणते. हा आळस आहे, मोबाइलचा परिणाम आहे, की काही आजार? टॉनिक द्यावं का? क्लासचे सर म्हणतात, पुढच्या वर्षी दहावी, पहाटे चारला उठून अभ्यास करायची सवय आत्तापासून लावा.

— एक आई, नाशिक

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातला धाकटा मला फार महत्त्वाचा वाटला. एकच घर, एकच जेवण, तेच आईबाप. तरी एक मूल सहाला आपणहून उठतं आणि दुसऱ्याला ओढून काढावं लागतं. संस्कारात किंवा शिस्तीत खोट असती, तर ती दोघांत दिसली असती. फरक आहे तो वयाचा. तुमची मोठीही सहावीपर्यंत त्याच्यासारखीच होती, हे तुम्हीच लिहिलं आहे. आणि धाकट्याचं हे टुणकन उठणंही आणखी तीन-चार वर्षांत ओसरायला लागेल, तेव्हा त्याचं फार कौतुक तिच्यासमोर करू नका.

वयात येताना उंची वाढते, आवाज फुटतो, पाळी सुरू होते, हे आपल्याला दिसतं. त्याच सुमारास झोपेची वेळही पुढे सरकते, ती दिसत नाही. मेंदूच्या तळाशी, दोन डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक छोटासा पुंजका आहे. शरीराचं चोवीस तासांचं घड्याळ तिथून चालतं. अंधार पडल्यावर त्याच्या इशाऱ्याने मेलाटोनिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरायला लागतं आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. पौगंडावस्थेत हे उतरणं लहानपणापेक्षा तास-दोन तास उशिरा सुरू होतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्स्केडन यांनी १९९० च्या दशकापासून याचा पाठपुरावा केला आहे. मुलांना मंद उजेडात बसवून ठराविक वेळाने त्यांच्या लाळेतलं मेलाटोनिन मोजायचं, अशी साधी पण चिकाटीची पद्धत. मुलांचं वय मोजण्यापेक्षा ती वयात कितपत आली आहेत हे पाहिलं, की घड्याळाचं हे सरकणं जास्त नीट उलगडतं, असं त्यातून दिसत गेलं.

दुसरी गोष्ट अशी, की दिवसभर जागं राहिल्यावर झोपेचा जो भार साठतो, तो या वयात सावकाश साठतो. धाकटा नऊला सोफ्यावर आडवा होतो. मोठीच्या वयाच्या मुलीला तेवढाच वेळ जागी राहूनही साडेदहापर्यंत सहज रेटता येतं.

आता साडेनऊची तरतरी. तुम्हाला ते ढोंग वाटतं, सकाळी मेल्यासारखी आणि रात्री नाच! पण नैसर्गिक झोपेच्या वेळेआधीच्या दोन-तीन तासांत शरीराचं घड्याळ माणसाला मुद्दाम जागं ठेवतं. आपलं सगळ्यांचं तसं होतं, फक्त आपली ती वेळ संध्याकाळी येते आणि स्वयंपाकपाण्यात निघून जाते. तिची येते साडेनऊला. म्हणून ‘उद्यापासून साडेनऊला दिवा बंद’ असा हुकूम काढलात, तर ती अंधारात छताकडे बघत पडेल, आणि आपल्याला झोपच येत नाही ही वेगळी धास्ती घेईल. तसं करू नका.

सासऱ्यांनाही यात सामील करून घ्या, त्यांचा काही दोष नाही. म्यूनिकचे झोपेचे अभ्यासक टिल रोएनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा मांडल्या. पौगंडावस्थेत झोप दरवर्षी थोडी उशिरा सरकत जाते, साधारण विशीला ती सगळ्यात उशिराची असते, आणि तिथून पुढे ती पुन्हा अलीकडे यायला लागते. मुली हा टप्पा मुलांच्या जरा आधी गाठतात. म्हातारपणी तर डोळा पहाटेच उघडतो. आजोबांना साडेचारला जाग येते, त्यात जितकं वयाचं श्रेय आहे तितकंच नातीच्या न उठण्यात वयाचा वाटा आहे. त्यांच्या लहानपणी ते किती वाजता झोपायचे, हेही एकदा सहज विचारा. बहुतेक दिवेलागणीनंतर तास-दोन तासांत गाव चिडीचूप व्हायचं. ‘लवकर निजे, लवकर उठे’ यातला पहिला अर्धा भाग आपल्या घरांतून केव्हाच गेला, दुसरा अर्धा तेवढा मुलांना ऐकवायला राहिला आहे.

दमते का, याचा हिशेब

अमेरिकेच्या निद्राविज्ञान अकादमीने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्यांना ८ ते १० तास झोप हवी. म्हणजे दहावी-बारावीच्या मुलांना सहा तास पुरतात, हा जो आपल्याकडे सर्रास समज आहे, तो खरा नाही. उंची वाढवणारं संप्रेरक सगळ्यात जास्त पाझरतं ते गाढ झोपेत. दिवसा वाचलेलं पक्कं बसतं तेही झोपेत.

तुमची मुलगी बाराला झोपते आणि ५.४० ला उठते. रात्रीचे जेमतेम पावणेसहा तास. दुपारचा दीड तास धरला तरी सव्वासात होत नाहीत. सोमवार ते शनिवार रोज निदान पाऊण तासाची उधारी, आणि ही उधारी ती रविवारी एकरकमी फेडायला बघते. अकरापर्यंत झोपणं हे त्या उधारीचं लक्षण आहे. गंमत अशी, की त्यानेच सोमवार बिघडतो. रविवारी अकराला उठलेल्या माणसाला रात्री बाराला झोप कुठून येणार? शरीराला वाटतं आपण दुसऱ्याच कुठल्या देशात आहोत, आणि ५.४० ला बेसिनपाशी उभं केलं की ते पेंगतं.

त्यात पहाटेची झोप कापली जाते, ही वेगळीच खोट आहे. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते आणि स्वप्नांची झोप शेवटच्या भागात. दोन तास आधी उठवलेल्या मुलाची मुख्यतः ही दुसरी झोप जाते, आणि ती सतत गेली की मूल चिडचिडं होतं, बारीकसारीक गोष्टीवर डोळ्यांत पाणी येतं. सकाळच्या तुमच्या भांडणांत याचा हात किती असेल, याचा विचार करा.

मोबाइलबद्दल. तो मूळ कारण नाही, पण निर्दोषही नाही. आधीच पुढे सरकलेल्या घड्याळाला तो आणखी ढकलतो. उजेडाने थोडं, आणि ‘आणखी एक रील’ने पुष्कळ. पण लपून बघते म्हणून तिच्या हातातून ओढून घेऊ नका. रात्री दहाला घरातले सगळे मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लागतील असा नियम करा. सगळे म्हणजे तुमचा आणि तिच्या बाबांचाही. हा नियम बाबांपाशी मोडतो, असा माझा अनुभव आहे. ‘गजर मोबाइलमध्ये आहे’ ही सबब येईलच, तेव्हा आधीच एक साधं गजराचं घड्याळ आणून ठेवा.

आजाराचं काय?

टॉनिक नको. रक्ततपासणी मात्र करा, आणि याच महिन्यात करा. पाळी सुरू झालेली, झपाट्याने वाढणारी मुलगी सारखी ‘दमले’ म्हणते, तेव्हा पहिली शंका लोहाच्या कमतरतेची घ्यायची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. या वयाच्या मुलग्यांत तो ३१ टक्के होता, तोही कमी नाही. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर उपचार लागतील. त्याच्याबरोबर फेरिटिनही तपासून घ्या, कारण हिमोग्लोबिन काठावर असतानाही लोहाचा साठा संपलेला असू शकतो, आणि नुसत्या त्यानेही दमायला होतं. काही मुलांना साठा कमी असला की रात्री पायांत वळवळ होते, पाय सारखे हलवावेसे वाटतात, झोप लागत नाही. तिला विचारून बघा. घरी पूर्ण शाकाहार असेल तर बी-१२ ही तपासणीत घाला.

शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळत असेल, तर ती खरंच गिळते का, हे न रागावता विचारा. या गोळीने मळमळतं, शौचाला काळं होतं, आणि एका मैत्रिणीला उलटी झाली की अख्ख्या वर्गाच्या गोळ्या खिडकीबाहेर जातात. जेवण झाल्यावर घेतली तर त्रास कमी होतो. काळ्या रंगाला घाबरायचं नाही, तो लोहाचाच आहे. खाण्यात कडधान्यं, पालेभाज्या, राजगिरा, अळिवाचे लाडू असू द्या आणि वर लिंबू पिळा. चहा जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर नको, तो लोह शोषू देत नाही. बीट लाल आहे म्हणून रक्त वाढतं, हा आपला लाडका गैरसमज आहे. कोशिंबीर म्हणून बीट उत्तम, औषध म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

आणखी काही गोष्टींवर लक्ष ठेवा. तोंड उघडं ठेवून रोज घोरत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. खूप तहान, सारखी लघवी आणि वजन घटणं असं एकत्र दिसलं तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासायची, उद्यावर टाकायचं नाही. वजन वाढतंय, थंडी सोसवत नाही, पाळी लांबते, असं असेल तर थायरॉइड. आणि ती मैत्रिणींशी गप्पा मारते, नाचते, हे वाचून मला बरं वाटलं. ज्या मुलीला आवडत्या गोष्टीही नकोशा होतात, जी दोन-दोन आठवडे गप्प आणि उदास असते, तिचं ‘दमले’ वेगळं असतं. तिथे समुपदेशकाकडे जायला उशीर करू नये. सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची मदतवाहिनी चोवीस तास सुरू असते. झोपेसाठी मेलाटोनिनच्या गोळ्या किंवा गमीज कुणी सुचवल्या, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

तासभर कुठून काढायचा

परदेशातल्या लेखांत सापडत नाही अशी एक सोय तुमच्याकडे आहे. सकाळच्या शाळेमुळे तिच्या हाताशी दुपार आहे, आणि ती सध्या वाया जाते आहे. ती झोपते चारला, म्हणजे संध्याकाळच्या तोंडावर, आणि तेही दीड तास. झोपेचा जेमतेम साठलेला भार तिथेच उतरतो. रात्री बारापर्यंत झोप न येण्यामागे मोबाइलइतकीच ही चारची झोप आहे. त्यावर सहाचा चहा! चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग चार-पाच तासांनीही शरीरात असतो.

तेव्हा असं करा. दीडला आली, जेवली, की दोनला सरळ झोपायचं. मोबाइल न घेता, गजर लावून, अर्धा तास. अडीचला उठून तोंड धुवायचं आणि गृहपाठाला बसायचं. रात्री रेंगाळत दीड तास चालणारा गृहपाठ दुपारी लवकर उरकतो. क्लासमध्ये चार किंवा साडेचारची बॅच आहे का, ते विचारा. हे सगळ्यात अवघड आहे, हे मला माहीत आहे, पण सगळ्यात जास्त फायदाही याचाच आहे. बॅच साडेसहाला सुटली तर जेवण आठला होतं, आठ ते दहा ती तिची तरतरी हवी तशी खर्च करू शकते, नाचू दे की! दहाला मोबाइल स्वयंपाकघरात, ट्यूबलाइट बंद, एखादा पिवळा दिवा. झोपेची वेळ एकदम ओढू नका. बाराची पावणेबारा, चार दिवसांनी साडेअकरा, असं करत सव्वादहापर्यंत या.

दुसऱ्या टोकाकडून वीस मिनिटं काढता येतात. बस साडेसहाला, तर ५.४० ला उठायचं कशासाठी? आंघोळ रात्रीच होऊ दे. झोपण्याच्या तास-दोन तास आधीची गरम पाण्याची आंघोळ झोपेला मदतच करते. दप्तर, इस्त्रीचा गणवेश, मोजे, डबा ठेवायची पिशवी, पाण्याची बाटली हे रात्रीच दारापाशी. सकाळी दात, दूध, वेण्या आणि बस. सहाला उठली तरी जमतं. सव्वादहा ते सहा हे पावणेआठ तास आणि दुपारचा अर्धा तास धरला, की आठचा आकडा ओलांडलात.

उठवताना आधी पडदे उघडा, हाक नंतर. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की हे घड्याळ अलीकडे ओढलं जातं, औषधाशिवाय करता येणारा हा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे. हिवाळ्यात बाहेर अंधारच असेल तेव्हा घरातले दिवे लावा आणि बसमध्ये खिडकीची जागा धरायला सांगा. रविवारी आठपर्यंत, फार तर साडेआठपर्यंत झोपू दे, मग दुपारी हवी तर थोडी वामकुक्षी. पहिल्या एक-दोन रविवारी ती कटकट करेल. रविवारी उठवायचं काम आजोबांकडे द्या, पण ‘सूर्यवंशी’ शब्दाला बंदी.

शाळेशी बोला

राज्याच्या तेव्हाच्या राज्यपालांनी, रमेश बैस यांनी, डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या झोपेचा विषय जाहीरपणे काढला, आणि शालेय शिक्षण विभागाने ८ फेब्रुवारी २०२४ ला निर्णय काढला: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. तुमच्या धाकट्याची शाळा नऊची आहे ती यामुळेच असावी. हेतू चांगला, लहानग्यांची झोप वाचली, याबद्दल तक्रार नाही. पण झोपेचं घड्याळ सरकतं ते चौथीनंतर, आणि नेमक्या त्याच मुलांना हा निर्णय लागू नाही. इमारत एक आणि अधिवेशनं दोन असली, की लहानांना उशिरा बोलवताना मोठ्यांच्या वाट्याला पहाट येते. हे उलट आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्येच माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी सुरू करू नयेत असं सांगितलं. सिअॅटल शहराने २०१६ मध्ये मोठ्या मुलांची शाळा ७.५० वरून ८.४५ वर नेली. ‘मुलं तेवढीच उशिरा झोपतील’ ही शंका तिथेही होतीच. मोजल्यावर दिसलं की मुलांची रोजची झोप साधारण ३४ मिनिटांनी वाढली. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला, २०२२ च्या जुलैपासून तो लागू आहे. आपल्याकडे बस, दोन अधिवेशनं, शिक्षकांचं येणंजाणं अशा अडचणी खऱ्या आहेत, मुख्याध्यापक काही मुद्दाम करत नाहीत. तरी पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विषय काढा. ७.१० ऐवजी ७.४० झाली, तरी वर्गातल्या प्रत्येक मुलाची अर्धा तास झोप वाढू शकते.

राहिले क्लासचे सर. पहाटे चारला उठवून मुलीच्या हातात पुस्तक द्यायचं, म्हणजे पाठांतर पक्कं होण्याच्या वेळी ते थांबवून नवीन पाठांतर सुरू करायचं. ज्यांना लहानपणापासून पहाटे जाग येते अशी मोजकी मुलं असतात, त्यांनी खुशाल उठावं, पण त्यांनीही रात्री आठला झोपायला हवं. तुमच्या मुलीसाठी सरांना एवढंच सांगा, की तिचा अभ्यास दुपारी अडीच ते चारमध्ये होणार आहे, आणि त्यांना तिची खरंच काळजी असेल, तर साडेचारच्या बॅचमध्ये एक जागा काढून द्यावी.